कानातले बोळे

१

सुबोध घाडी सकाळी स्कूटर घेऊन गेटबाहेर पडला, की सातव्या मजल्यावर श्रुतिकाचा फोन वाजायचा. फोन त्याचाच. आत्ताच जिने हातात डबा दिला, हेल्मेटचा पट्टा नीट लाव म्हणून बजावलं, तिलाच तो खालून फोन करायचा. मग जोगेश्वरीपासून साकीनाक्याच्या त्याच्या ऑफिसपर्यंत दोघं बोलत राहायची.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण घाडींच्या घरात बोलायला जागाच नव्हती. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना मिळालेली ती एक खोली. तिच्यातच प्लायवूडची भिंत घालून नव्या जोडप्यासाठी आतली खोली काढलेली. पलीकडे सुबोधची आई, जानकीबाई, झोपायच्या. इकडे कुशीवर वळलं तरी तिकडे कळावं अशी ती भिंत. त्यामुळे नवराबायकोत जे बोलायचं असतं, म्हणजे मालाडला भाड्याने घर बघायचं का, बघितलं तर आईला कोण सांगणार, आणि कधी काही कारण नसताना नुसतंच लाडाचं काहीबाही, ते सगळं या दोघांनी सकाळच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं होतं.

श्रुतिकाला ते हवंही असायचं आणि नकोही. "अरे, गाडी चालवताना नको ना," असं ती रोज म्हणायची आणि रोज फोन उचलायची.

त्यात सुबोधने नवे इअरबड घेतले. बाहेरचा आवाज मारून टाकणारे. "झकास आहेत यार," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "ट्रक शेजारून गेला तरी कळत नाही. फक्त तू."

"म्हणजे ट्रक कळत नाही?"

"तुला कळतो ना? मग झालं."

हे मात्र खरं होतं. त्याच्या कानात तीच भरलेली असल्यामुळे त्याला रस्ता ऐकू यायचा नाही. पण त्याच्या माइकमधून तिला अख्खा रस्ता ऐकू यायचा. शिवाय तिचा कान तयार होता. एका कंपनीच्या ग्राहकसेवेचे रेकॉर्ड झालेले कॉल घरून ऐकायचे आणि कोण नीट बोललं, कोण उर्मट बोललं ते कळवायचं, हे तिचं काम. मोठे हेडफोन लावून दिवसभर माणसं ऐकायची. बोलणाऱ्याच्या मागे कुकर आहे की टीव्ही, पोर रडतंय की मांजर, तिला सहज वेगळं काढता यायचं. त्यामुळे आतल्या खोलीत बसून ती त्याला सांगायची, "मागे बस आहे, डावीकडे घे," आणि तो हसून डावीकडे घ्यायचा.

तिसऱ्या मजल्यावरचे भीमराज ट्रॅफिक पोलिसात होते. एकदा लिफ्टमध्ये ते तिला म्हणाले, "वहिनी, सुबोधला सांगा. कानात बोळे घालून गाडी चालवतो. माझ्या हाताला लागला तर मी शेजारी आहे हे विसरेन."

"कायद्यात हातातला फोन म्हटलंय, कानातला नाही, असं म्हणतो तो," श्रुतिका ओशाळून म्हणाली.

"ते त्याने कोर्टात जाऊन भांडावं. मी रस्त्यावर उभा असतो वहिनी. मागून ॲम्ब्युलन्स बोंबलत येते आणि पुढचा पठ्ठ्या मान डोलवत असतो. कान हे काय गाणं ऐकायलाच दिलेत होय देवाने? मागचं कळायला दिलेत."

२

तो बुधवार होता. सीप्झच्या सिग्नलला स्कूटर थांबली होती. सुबोध ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होता आणि श्रुतिका तोंडावर हात धरून हसत होती, कारण पलीकडे जानकीबाई जप करत होत्या. रिक्षांचे हॉर्न, एका बसचं धापा टाकणं, कुणीतरी कुणाला शिवी घातलेली. या सगळ्याच्या खालून तिला ऐकू आलं:

"सुबोध..."

"अरे, तुला कुणीतरी हाक मारतंय."

"कोण?"

"मला काय माहीत? मागून. बघ ना."

तो वळला असावा. त्याच्या जॅकेटची कॉलर माइकला घासल्याचा आवाज आला. "कोणी नाहीये गं. एक टँकर आहे आणि त्याच्यामागे शाळेची बस. सुबोध काय, शंभर असतील मुंबईत."

हे पटण्यासारखं होतं. सिग्नल सुटला. स्कूटरने वेग घेतला तसे रिक्षांचे आवाज मागे पडले, बस मागे पडली, ज्याला शिवी बसली होती तो माणूसही मागे पडला असणार.

"सुबोध..."

तेवढ्याच अंतरावरून. तितक्याच निवांत सुरात.

श्रुतिकाच्या हातातला चहा तसाच राहिला. हाक मारणारं माणूस धावत नव्हतं. धापही लागलेली नव्हती. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून कुणी ओळखीच्याला बोलवावं, तसा आवाज. बाईचा म्हणावा तर बाईचा, पण खात्री देता येऊ नये असा. आणि ओळखीचा. कुणाचा ते काही केल्या आठवेना.

"काय झालं? गप्प का झालीस?"

"काही नाही. नीट जा," ती म्हणाली.

३

पुढच्या दिवशी हाक सीप्झच्या जरा आधी आली, त्याच्या पुढच्या दिवशी त्याच्याही आधी.

श्रुतिका काही भाबडी नव्हती. भुताखेतांच्या गोष्टी तिच्या माहेरी, मुलुंडला, कुणी सांगितल्याच नव्हत्या. वडील बँकेत, आई शिक्षिका. तिने आधी साधी कारणं शोधली. लाईन क्रॉस होते, दुसऱ्याचं बोलणं यात शिरतं. कामावरच्या कॉलमध्ये असं पूर्वी झालेलं तिने ऐकलं होतं. मग तिला वाटलं, हे नवे इअरबड आवाज गाळतात, त्या गाळण्यात कुठल्या तरी हॉर्नचे तुकडे उरत असतील आणि आपला कान त्यातून नाव बनवत असेल. पंख्याच्या घरघरीतही माणसाला गाणं ऐकू येतं की.

पण हॉर्नचे तुकडे तसे नसतात. हाकेत एक लकब होती. 'बो' जरासा लांबवलेला, आणि शेवटचा 'ध' सोडून दिल्यासारखा. प्रत्येक वेळी तीच.

"तुला खरंच काही ऐकू येत नाही?" तिने विचारलं.

"तुझ्याशिवाय काही नाही. बोल ना, मालाडच्या त्या घराचं काय म्हणाला एजंट?"

तिने एजंटचं सांगितलं. सांगताना ती मागचंच ऐकत होती. त्याचा वेग वाढला की रस्त्याचे सगळे आवाज ताणले जायचे, मागे पडायचे, नवे यायचे. हाक मात्र जागची हलत नव्हती. जणू ती रस्त्यावर नव्हतीच. सुबोधपासून ठरावीक अंतरावर ती कुठेतरी बसलेली होती आणि त्याच्याबरोबरच पुढे जात होती.

शनिवारी तिच्या लक्षात आलं की ते अंतर कमी झालंय.

४

सोमवारी तिने त्याला मरोळच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली.

"आता काय?"

"घे ना. एक बघायचंय."

कुरकुरत त्याने घेतली. इंजिन बंद झालं. वरून मेट्रो गेल्याची घरघर, नारळपाणीवाल्याच्या कोयत्याचे ठक ठक, एक कुत्रा. श्रुतिकाने हेडफोन कानांवर दाबून धरले. हाक नाही. खूप वेळ नाही.

"झालं तुझं? उशीर होतोय."

"चालू कर आता."

स्कूटर सुरू झाली, रस्त्याला लागली, आणि लगेच, "सुबोध..."

"आली! आत्ता आली. सुबोध, एक काम कर. एका कानातला काढ आणि ऐक. तुला ऐकू येतं का सांग."

"बघ, शेवटी तूच सांगतेस काढायला," तो हसत म्हणाला. हँडलवरचा एक हात त्याने वर नेला असेल. हेल्मेटच्या आत बोट घालतानाची ती खरखर तिला स्पष्ट ऐकू आली.

आणि त्याच क्षणी मागचं सगळं थांबलं. रिक्षा, बस, वारा, सगळं. त्या शांततेत कुणीतरी श्वास आत ओढला. हाक मारण्याआधी माणूस ओढतं तसा, छाती भरून. अगदी जवळ. सुबोधच्या मानेशी.

"नको!" श्रुतिका किंचाळली. "काढू नकोस! नको काढूस, नको!"

ब्रेक कर्कश वाजला. मग एका मोठ्या गाडीचा लांबलचक हॉर्न, लोकांचा कालवा, "अंधा है क्या?" असं कुणी तरी. भिंतीपलीकडचा जप थांबला.

"सुबोध? सुबोध, बोल ना रे!"

"आहे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "टँकर होता. घासून गेला. वेडी आहेस का तू? केवढ्यांदा ओरडलीस कानात!"

"काढलास?"

"काय?"

"कानातला. काढलास का?"

"नाही," तो रागाने म्हणाला आणि त्याने फोन कट केला.

५

संध्याकाळी तो आला तो तोंड पाडूनच. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मला एकदा नीट सांग. आधी म्हणालीस, बोळा काढ. मग म्हणालीस, काढू नको. नक्की करायचं काय मी?"

श्रुतिकाने सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते पोकळ वाटत होतं. सुबोध आधी हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला.

"तू दिवसभर लोकांची भांडणं ऐकतेस. सुट्टी घे चार दिवस. आणि चूक माझीच आहे. भीमराजदादा म्हणतात ते खोटं नाही; आज तुझ्या ओरडण्याने मेलो असतो, उद्या गाण्याने मरेन. उद्यापासून बोळे बंद."

"नाही. घालायचे. वाटल्यास मी बोलणार नाही, गाणी लाव, पण घालायचे."

"श्रुतिका!"

"मग मेट्रोने जा. माझ्यासाठी."

पलीकडे जानकीबाई विळीवर भाजी चिरत होत्या. विळीचा आवाज बंद झाला. त्या आतल्या खोलीच्या दारात आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही; सुनेला हळूच विचारलं, "तेणा ओ दिल्यान नाय मां?"

"काय, आई?"

"हाकेक. ओ नाय ना दिल्यान?"

"नाही. त्याला ऐकूच येत नाही."

"बरां," त्या म्हणाल्या. त्या वळल्या आणि परत विळीवर जाऊन बसल्या. श्रुतिकाने मागोमाग जाऊन खूप विचारलं. "काय नाय गो. गावची बोलणी," एवढंच उत्तर मिळालं. पण त्या दिवशी मेथी निवडताना त्यांनी पानं टोपलीत टाकली आणि देठ पातेल्यात.

सुबोध मेट्रोने जायला लागला. पहिले दोन दिवस श्रुतिकाने जीव मुठीत धरून फोनवर ऐकलं. दारं बंद होण्याची सूचना, एका बाईचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं, कुणाचा तरी खोकला. हाक नाही. गर्दीत लाडाचं बोलता येत नव्हतं, एवढंच. आठवडा असा गेला. तिला झोप लागू लागली. कामावरचे कॉल ऐकताना पाठीमागे कान देणं तिने हट्टाने बंद केलं. हळूहळू तिला स्वतःची लाज वाटायला लागली. एक हॉर्न, एक थकलेला कान, आणि त्यापायी नवरा टँकरखाली जात होता!

म्हणून पुढच्या सोमवारी सुबोध म्हणाला, "आज लेबलांचे नमुने न्यायचेत, मोठा खोका आहे, स्कूटरच लागेल," तेव्हा ती चटकन "जा" म्हणाली. दारात जाऊन मग म्हणाली, "पण फोन कर."

६

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू? किती दिवसांनी!" तो खूश होता. तिने त्याचं ते सकाळचं हसणं ऐकलं, आणि मग त्या हसण्याला लागूनच,

"सुबोध."

गेटपाशीच. तो अजून रस्त्यालाही लागला नव्हता. ते इतके दिवस गेटपाशी थांबलेलं होतं.

श्रुतिकाने आवाज स्थिर ठेवला. घाबरून ओरडलं की काय होतं ते तिने एकदा ऐकलं होतं. "हळू चालव," ती म्हणाली. "आणि माझ्याशी बोलत राहा. काही झालं तरी कानातले काढायचे नाहीत."

"परत सुरू झालं तुझं?"

"हो. परत सुरू झालं. तू मला वेडी समज, पण ऐक. ऑफिसात पोच, आत जा, माणसांत बस, मग काढ."

तो हळू चालवू लागला. सीप्झ गेलं. हाका आता थांबून थांबून येत नव्हत्या. एक संपते न संपते तोच दुसरी. त्यांत घाई नव्हती, राग नव्हता. तेच भयंकर होतं. त्यांत माया होती. श्रुतिका भरभर बोलत राहिली, मालाडचं घर, तिथली खिडकी, पडदे कुठल्या रंगाचे, जे तोंडाला येईल ते; आपल्या शब्दांनी त्याचे कान बुजवून टाकावेत म्हणून. मरोळ आलं. आता पुढे साकीनाका.

शिट्टी वाजली.

"वाट लागली," सुबोध पुटपुटला. "भीमराजदादा."

"थांबू नकोस!"

"अगं, पोलीस समोर उभाय, थांबू नको काय?"

स्कूटर थांबली. पण या वेळी हाका थांबल्या नाहीत.

"काय घाडी," भीमराजांचा आवाज आला, "सांगून झालं, समजावून झालं. काढा ते बोळे."

"दादा, बायको आहे लाईनवर."

"असू दे. तिला म्हणावं, नवरा धडधाकट पाहिजे असेल तर फोन ठेव. काढ. माझ्यादेखत काढ."

"सुबोध, नको," श्रुतिका म्हणाली. "त्यांना माझ्याशी बोलायला दे. सुबोध, प्लीज, काढू नकोस..."

"नंतर करतो गं," तो म्हणाला.

खरखर झाली. हेल्मेट, बोटं, मग कापड. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकले असणार, कारण रस्ता एकदम दबला, दुलईखालून ऐकल्यासारखा. भीमराज काहीतरी समजावत होते, तेही दबलेलं. फोन मात्र चालूच होता.

"सुबोध."

ही हाक दबलेली नव्हती. कापडाआडूनही ती लख्ख आली.

"ओ!" सुबोध म्हणाला.

किती सहज. घरात बसल्यासारखा. "ओ! थांब, आलोच."

"कोणाला ओ देतोस?" भीमराज.

"श्रुतिका हाक मारतेय ना."

आतल्या खोलीत, खुर्चीवर, कानांना हेडफोन लावून बसलेल्या श्रुतिकाला तेव्हा आवाज ओळखू आला. तो लांबवलेला 'बो', तो सोडून दिलेला 'ध'. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की माणसाला परका वाटतो; लग्नाच्या व्हिडिओत स्वतःला ऐकून तीच नव्हती का म्हणाली, शी, ही कोण?

ती त्याचं नाव घेऊन ओरडली. जीव खाऊन ओरडली. कानांवर हेडफोन होते म्हणून असेल, तिला स्वतःचं ओरडणं ऐकू आलं नाही.

पलीकडे स्कूटरचे शॉकअप करकरले. मागच्या सीटवर कुणी बसलं की करकरतात तसे.

७

जानकीबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्यांचा फोन ओट्यावर होता. श्रुतिकाने हेडफोन मानेवर ओढले आणि जानकीबाईंच्या फोनवरून भीमराजांना फोन लावला. सुबोधची लाईन तिने तोडली नाही. तेवढाच धागा होता.

"हॅलो? जानकीकाकू?" भीमराज म्हणाले.

"दादा, मी श्रुतिका. सुबोध कुठे गेला?"

"हॅलो... काकू, आवाज येत नाहीये तुमचा."

"दादा! तो कुठे गेला?"

"हॅलो? नेटवर्क नाही वाटतं. माझं ऐकू येत असेल तर ऐका. सुबोधला समज देऊन सोडलाय, काळजी करू नका. बरं वाटत नाही म्हणून घरीच परत फिरला. आणि काकू, सूनबाईंना सांगा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. नुसती ओढणी गुंडाळून चालत नाही. आज शेजारधर्म पाळला, उद्या नाही पाळणार."

फोन बंद झाला. मानेवरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होते. वारा. स्कूटर. सुबोधचं ते सकाळचं हसणं. कुणीतरी त्याला मालाडच्या खिडकीचं सांगत होतं, पडद्यांच्या रंगाचं, आणि तो "हो, हो" म्हणत होता. ती ऐकतच राहिली, सीप्झचा सिग्नल मागे पडेपर्यंत.

आपण खाली जावं, गेटवर उभं राहावं, चारचौघांत त्याचा हात धरावा, असं तिच्या मनात आलं. चपला घालायला ती वळली, आणि हेडफोनमधल्या वाऱ्याचा आवाज कमी झाला. स्पीडब्रेकर. आणखी एक. ते गेटजवळचे. ती ओट्यावरच्या खिडकीकडे धावली.

खाली स्कूटर आत येत होती. मागे एक बाई. तोंड ओढणीने बांधलेलं, मुंबईत स्कूटरवर हजार बायका बांधतात तसं. सुबोधच्या खांद्यावर हात ठेवून ती उतरली. उतरल्यावर तिने, श्रुतिकाच्याच सवयीने, डावा पाय झटकला आणि चप्पल बोटांत नीट बसवली. वॉचमन सहदेव तिला काहीतरी म्हणाला, ती मान हलवून हसली असावी. श्रुतिका डोळे ताणून बघत होती. हिने एकदा वर बघावं, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. ती वर बघत नव्हती. इतक्या मजल्यांच्या इतक्या खिडक्या, पण आपल्याला कुठून कोण बघतंय ते तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती बघत नव्हती. सुबोधने खोका उचलला, तिने त्याचा डबा घेतला, आणि दोघं इमारतीत शिरली.

श्रुतिकाने दाराची खालची कडी लावली, वरची लावली, साखळी घातली. बाथरूमचं दार वाजलं. जानकीबाई केस पुसत बाहेर आल्या.

"काय झालां गो? दिवसाढवळ्या कड्या कित्याक?"

"आई, दार उघडू नका," श्रुतिका म्हणाली. ओठ हलले, जीभ टाळूला लागली, हे तिला कळलं. गळ्यातून वारा गेला, हेही कळलं. खोलीत काही ऐकू आलं नाही.

"काय?"

तिने पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं. दोन्ही हात हलवले, दाराकडे बोट केलं, मान नको नको अशी हलवली. जानकीबाई टॉवेल हातात तसाच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाहेर लिफ्टचं दार सरकलं. पावलं आली. बेल वाजली.

"आई, उघड गं," सुबोध म्हणाला. जरासा दमलेला, पण सुबोधच. त्यात शंकाच नव्हती. जानकीबाईंनी दाराकडे पाऊल टाकलं. श्रुतिका मधे उभी राहिली, दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून.

"आई, उघडा ना." तिच्या पाठीमागे, लाकडाच्या अगदी पलीकडे, तिचाच आवाज आला. "ऊन केवढं आहे बाहेर. सुबोधला बरं वाटत नाहीये."

जानकीबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या, तोंड उघडणाऱ्या मिटणाऱ्या त्या बाईकडे पाहिलं. तिचे कपडे, कपाळ, हात, पाय, सगळं त्यांनी परत एकदा पाहिलं, आणि त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"तू कोण गो?" त्यांनी विचारलं.

श्रुतिकाने उत्तर दिलं. ते दारापलीकडून आलं.

"मी आहे, आई."

जानकीबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि सगळं अंगातलं बळ लावून तिला दारापासून बाजूला ढकललं. साखळी खाली पडली. मग वरच्या कडीचा आवाज झाला, आणि मग खालच्या.